सॅल्व्हेजची जुनी बोट आणि ट्रेलर : फ्लोरिडात कागद नेमके कुठे अडतात

फ्लोरिडात मोठं वादळ येऊन गेलं की विमा कंपन्यांनी निकालात काढलेल्या (‘सॅल्व्हेज’) बोटी आधी लिलावात येतात आणि काही महिन्यांनी कुणाच्या तरी घरासमोर ‘फॉर सेल’ची पाटी लावून उभ्या दिसतात. २०२२ च्या इयननंतर हेच झालं, २०२४ च्या हेलीन आणि मिल्टननंतरही तेच. किंमत पाहून आपली मंडळी हुरळतात, पैसे मोजतात आणि मग बोट नावावर करून घ्यायला गेले की काउंटीच्या टॅक्स कलेक्टर ऑफिसातून हात हलवत परत येतात. बहुतेकांचं घोडं बोटीपायी अडत नाही, ट्रेलरपायी अडतं.

सरकारदरबारी बोट आणि ट्रेलर या दोन वेगळ्या मालमत्ता आहेत. विकणारा मात्र ‘ट्रेलरसकट बोट, एवढे डॉलर’ अशी एकच चिठ्ठी खरडून देतो. ती बोटीच्या अर्जाला लागते आणि ट्रेलरसाठी हातात काहीच उरत नाही. म्हणून बिल ऑफ सेल, म्हणजे विक्रीची चिठ्ठी, दोन घ्या, दोन्हींवर स्वतंत्र किंमत लिहून. बोटीच्या बिलावर हल नंबर (बोटीच्या सांगाड्यावरचा, म्हणजे हलवरचा ओळख क्रमांक), ट्रेलरच्या बिलावर ट्रेलरचा व्हीआयएन (वाहन ओळख क्रमांक). यासाठी फ्लोरिडाच्या वाहन खात्याचा एचएसएमव्ही ८२०५० हा तयार फॉर्म आहे.

आता ट्रेलरचं वजन. २,००० पौंडांपेक्षा हलक्या ट्रेलरला फ्लोरिडा टायटल (मालकीचा दाखला) देत नाही, फक्त रजिस्ट्रेशन होतं. त्याहून जड असेल तर टायटल हवंच. हे वजन नुसत्या ट्रेलरचं, वर बसवलेल्या बोटीसकट नव्हे. इथे किती जण गोंधळतात याला सुमार नाही. हलक्या ट्रेलरचं टायटल मागत विकणाऱ्याच्या मागे लागू नका, ते अस्तित्वातच नसतं.

जड ट्रेलरच्या टायटलवर ‘सॅल्व्हेज’ असेल तर तो दुरुस्त करून, तपासणी करून ‘रीबिल्ट’ (पुन्हा उभा केलेला) शेऱ्याचं टायटल मिळाल्याशिवाय त्याला नंबरप्लेट मिळत नाही. तपासणीला सॅल्व्हेज टायटल, बिल्डरचं, म्हणजे दुरुस्ती करणाऱ्याचं, निवेदन (एचएसएमव्ही ८४४९०) आणि सुट्या भागांच्या पावत्या लागतात. शिवाय लागतात दुरुस्तीपूर्वीचे, मोडक्या अवस्थेतले फोटो, आणि तेच कुणाकडे नसतात. माणूस उत्साहाने आधी अॅक्सल बदलतो, रंग मारतो आणि मग विचारतो, फोटो कसले? विकत घेताना, जागेवरच, चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा. आणि कागदावर ‘सर्टिफिकेट ऑफ डिस्ट्रक्शन’ लिहिलं असेल तर पुढे बोलणंच नको. ते भंगार आहे, त्यावर पुन्हा टायटल निघत नाही. लिलावात ‘पार्ट्स ओन्ली’ म्हणून विकलेल्या मालाबाबतही आशा ठेवू नका.

बोटीच्या टायटलवर मात्र ‘सॅल्व्हेज’ शोधत बसू नका. १ जुलै २०२३ पासून लागू झालेल्या कायद्यात शेरा आहे ‘हल डॅमेज्ड’. टक्कर, वीज, आग, स्फोट, बोट उथळात रुतणं किंवा हलला धोका पोचेल अशा रीतीने बुडणं, ही त्याची कारणं. विकताना मालकाला हे ठाऊक असेल तर त्याने ते टायटलवर नोंदवायचं किंवा शेरा असलेलं नवं टायटल काढायचं. विमा कंपनीवरही अशीच जबाबदारी आहे. पण शेरा नाही म्हणून बोट धुतल्या तांदळासारखी, असं समजू नका. इंजिनात खारं पाणी शिरून वायरिंग हिरवं पडलं तरी हल शाबूत असेल, तर हा शेरा लागायचं कारणच नाही. बोट तपासून देणाऱ्या सर्व्हेयरला चार पैसे द्या. विमा कंपनी बहुधा त्याचाच अहवाल मागेल.

हल नंबर स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. नोव्हेंबर १९७२ नंतरच्या बोटीवर तो १२ अक्षरी असतो, मागच्या फळीवर उजवीकडे, वरच्या कडेजवळ. १९८४ च्या ऑगस्टनंतरच्या बोटींवर दुसरा, लपवलेला नंबरही असतो. नंबरच्या पाटीवर हाताचं बोट फिरवून बघा : कडा उचकटल्यासारखी लागली, नवे रिव्हेट दिसले, मधलं अक्षर घासलेलं वाटलं, तर सौदा तिथेच सोडा. नंबर खोडलेली बोट जवळ बाळगणं हा फ्लोरिडात गुन्हा आहे आणि बोट जप्त होऊ शकते. ‘मी नुसती विकत घेतली’ हे उत्तर तिथे उपयोगी पडत नाही.

टायटल आणि रजिस्ट्रेशनसाठी अर्ज करायची मुदत ३० दिवसांची आणि ती खरेदीच्या तारखेपासून. दुरुस्ती संपल्यापासून नाही, टायटल पोस्टाने आल्यापासूनही नाही. या काळात खरेदीच्या तारखेचा पुरावा जवळ ठेवून बोट पाण्यात नेता येते. रस्त्यावरच्या ट्रेलरला ही सवलत धरून चालू नका.

सह्यांवरूनही अर्ज परत येतात. टायटलवरची दोन नावं ‘अँड’ने जोडलेली असतील तर दोघांचीही सही हवी, मग घटस्फोट झालेला असो की एक जण ओहायोत राहत असो. खाडाखोड केली, व्हाइटनर लावला, की टायटल बाद. बँकेचा बोजा असेल तर तो फिटल्याचा कागद घ्या, ‘कर्ज केव्हाच फेडलंय’ या तोंडी हमीला काउंटरवर किंमत नाही. अटलांटाकडून बोट आणणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, जॉर्जियात बोटींना टायटल देत नाहीत. तिथलं रजिस्ट्रेशन आणि नोटरी केलेलं बिल ऑफ सेल मागून घ्या.

फ्लोरिडातली बरीचशी टायटलं इलेक्ट्रॉनिक असतात, म्हणजे विकणाऱ्याच्या हातात कागद नसतोच. अशा वेळी दोघांनी मिळून टॅक्स कलेक्टर ऑफिसात जायचं आणि पैसे तिथेच द्यायचे. यायला कां-कूं करणाऱ्याला आधी चेक देऊ नका.

बाकी नेहमीचंच : अर्ज, ओळखपत्र, फी, ६ टक्के विक्रीकर आणि वर काउंटीचा सरचार्ज. बोटीचा रजिस्ट्रेशन नंबर मिळाला की तीन इंची ठळक अक्षरांत पुढच्या दोन्ही बाजूंना लावायचा, रजिस्ट्रेशनचा स्टिकर डावीकडे. १ जानेवारी १९८८ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना १० हॉर्सपॉवर किंवा त्याहून मोठ्या इंजिनाची बोट चालवायला बोटिंग सेफ्टीचं कार्ड लागतं, ते ऑनलाइन कोर्स करून मिळतं.