द्राक्षवेल छाटल्यावर 'रडते', पण मरत नाही

बेळगावात शहापूर-टिळकवाडीकडच्या जुन्या घरांत अंगणातल्या मांडवावर द्राक्षवेल चढवली, की आज्जीचा दंडक ठरलेला: "कात्री लावू नकोस, वेल रडून रडून मरेल." कापलेल्या काडीतून टपटप पाणी गळताना बघितलं, की तो खराही वाटतो.

पण ते रक्त नव्हे, जवळजवळ पाणीच. मुळं दाबानं पाणी वर ढकलतात, पानं नसल्यामुळे ते उडून जात नाही आणि कापातून बाहेर येतं. काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब, फुटून पानं आली, की आपोआप थांबतं. त्यावर शेण थापायची काही गरज नाही.

नुकसान होतं ते न छाटल्यानं. अथणी भागातले बागायतदार वेल वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी: ओलांड्यावरच्या, म्हणजे वेलीच्या आडव्या जाड फांदीवरच्या, काड्या एक-दोन डोळ्यांवर आणायच्या. त्यानंतर फुटणाऱ्या नव्या काडीच्या डोळ्यांत साधारण 40 ते 60 दिवसांत घड आकार घेतात, आणि त्यासाठी डोळ्यांवर ऊन पडावं लागतं. ऑक्टोबरच्या छाटणीत तीच काडी घडाचे डोळे राखून कापली, की माल बाहेर येतो.

मांडवावर पानांचं छप्पर दाटलं, की खालचे डोळे वांझ राहतात. वर बेळगावचा पाऊस! ओल धरून केवडा, म्हणजे बुरशीचा रोग, हमखास. सावलीच हवी असेल तर खुशाल वाढू द्या, मग घड का नाहीत म्हणून वेलीला बोल लावू नका.