खोला मिरची: काणकोणच्या उतारावरचं वाण

दक्षिण गोव्याच्या काणकोण तालुक्यातल्या खोला गावच्या मिरचीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. काणकोणच्या डोंगरांवर तिने बस्तान बसवलं ते त्याच्या कितीतरी आधी. मिरची मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला आणि त्याच शतकात त्यांच्या जहाजांतून ती इथे आली. तोवर तिखटासाठी आपल्याकडे मिरी आणि पिंपळी होती. नवीन पिकाचं नावही मिरीवरूनच पडलं. कोंकणी-मालवणीत ती आजही 'मिरसांग'.

काणकोण मात्र तेव्हा पोर्तुगीजांकडे नव्हतं. तो मुलूख सोंध्याच्या राजाचा. खोल्याजवळचा काबो द रामाचा किल्ला पोर्तुगीजांच्या हाती आला तो थेट १७६३ मध्ये.

मिरची डोंगरावर का लावली, याचं उत्तर भातात आहे. पावसाळ्यात सपाट जमीन सगळी भाताखाली; उरतो तो उतार. मिरचीलाही तेच मानवतं. तीनेक हजार मिलिमीटर पावसात मुळाशी पाणी साचलं की झाड दोन दिवसांत मान टाकतं. उतारावर पाणी थांबत नाही आणि पीक निव्वळ पावसावर येतं.

मेअखेरीस वाफ्यात बी टाकतात. ते विरळच टाकावं. दाट पडलं की हवा खेळत नाही आणि रोपं बुडाशी कुजून आडवी होतात. पाच-सहा आठवड्यांनी, वीतभर झालेली रोपं उताराला आडव्या घातलेल्या सऱ्यांवर साधारण दीड फुटावर लावायची. सरी उताराच्या दिशेने काढली तर पहिल्याच मोठ्या पावसात माती वाहून जाते. पानं आक्रसून वळू लागली तर फुलकिडे किंवा कोळी आहेत असं समजावं आणि जास्त बिघडलेली झाडं उपटून टाकावीत.

तोडणी पावसाळा सरताना. पूर्ण लाल फळं एक रात्र घरात ढीग करून ठेवली की रंग सारखा येतो, मग आठवडाभर ऊन. खरा घात करतो तो परतीचा पाऊस. देठाशी ओल राहिली की आत काळी बुरशी धरते, बाहेरून मिरची चांगलीच दिसते. म्हणून कानाशी हलवून बघायची. बी खुळखुळलं पाहिजे.

मानांकनाने नाव राखलं, वाण राखायचं ते शेतातच. मिरचीत परागसंकर सहज होतो. शेजारी दुसरी जात असेल तर बियाण्याची झाडं दूर ठेवावीत आणि निरोगी झाडाच्या मधल्या बहरातली फळं बियाण्याला निवडावीत.

रंग भडक, तिखटपणा मध्यम, म्हणून रेशादला, म्हणजे माशात भरायच्या गोव्याच्या लाल मसाल्याला, हीच. वीस सुक्या मिरच्या अर्धी वाटी माडाच्या व्हिनेगरमध्ये तासभर भिजवा. मग दहा-बारा लसूण पाकळ्या, इंचभर आलं, दहा मिरीदाणे, चार लवंगा, इंचभर दालचिनी, चमचाभर जिरं, लिंबाएवढी चिंच, चमचाभर साखर आणि मीठ घालून त्याच व्हिनेगरमध्ये गंधासारखं वाटा. पाण्याचा थेंब नको. पाणी लागलं की मसाला आंबतो, वर पांढरी बुरशी येते. कोरड्या बाटलीत फ्रिजमध्ये महिनाभर टिकतो. बांगड्याला पाठीकडून चीर देऊन आत भरायचा आणि मंद आचेवर तळायचा. आच मोठी झाली की मसाला करपून कडू होतो, आणि मासा आत कच्चाच राहतो.