मेंदूचं डावं-उजवं आणि मनाचे आजार

पोटातलं बाळ सोनोग्राफीच्या पडद्यावर अंगठा चोखताना दिसतं, तेव्हा तो अंगठा बहुतेकदा उजव्या हाताचा असतो. संशोधक पीटर हेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी ७५ मुलं मोठी झाल्यावर पुन्हा तपासली. पोटात उजवा अंगठा चोखणारी ६० च्या ६० मुलं उजव्या हाताची निघाली. डावा चोखणाऱ्या १५ पैकी १० डावखुरी झाली, ५ मात्र उजवीकडे वळली.

मेंदूचे दोन गोलार्धही तंतोतंत सारखे नसतात. गेश्विंड आणि लेवित्स्की या संशोधकांनी १९६८ साली १०० मृत व्यक्तींचे मेंदू मोजले. कानशिलाच्या आत, ऐकलेल्या बोलण्याचा अर्थ लागतो त्या भागातला एक त्रिकोणी तुकडा ६५ मेंदूंत डावीकडे मोठा होता, उजवीकडे मोठा फक्त ११ मेंदूंत.

ही घडण जनुकांशी कशी जोडलेली आहे, याचा मोठा धांडोळा २०२१ मध्ये आला. यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या आरोग्यविषयक माहितीच्या मोठ्या साठ्यातल्या ३२,२५६ लोकांचे एमआरआय आणि डीएनए ताडून पाहिले, तेव्हा मेंदूच्या डाव्या-उजव्या फरकाशी जोडलेल्या डीएनएवरच्या २७ जागा सापडल्या. त्यांतली कितीतरी जनुकं सूक्ष्मनलिकांशी संबंधित आहेत. या नलिका म्हणजे पेशीच्या आतले वासे: पेशीला आकार देतात, चेतापेशीचा तंतू लांबवत नेतात. मला यातलं सर्वांत विलक्षण वाटतं ते हे, की याच जनुकीय प्रभावांचा काही भाग स्किझोफ्रेनिया (भास-भ्रम होणारा मनाचा आजार) आणि स्वमग्नता (ऑटिझम) यांच्याशीही जुळतो.

इथे घाई करू नये. स्किझोफ्रेनियाशी संबंधित २८७ जागा २०२२ पर्यंत सापडल्या होत्या आणि त्यांतल्या बहुतेकींचा एकेकटा वाटा अगदी किरकोळ. पाच हजारांवर रुग्णांचे मेंदू निरोगी लोकांच्या मेंदूंशी ताडले, तेव्हाही गोलार्धांतला फरक सरासरीत जेमतेम दिसला; एका माणसाचा स्कॅन बघून निदान करण्याइतका तो मुळीच नाही. मूल डावखुरं आहे म्हणून धसका घेणाऱ्या आईवडिलांना हे आवर्जून सांगायला हवं. जगात दहातला एक माणूस डावखुरा असतो आणि त्यांतल्या बहुतेकांना असला आजार कधीच होत नाही.

एकसारख्या जुळ्यांकडे बघा. दोघांची जनुकं जवळपास तीच. तरी एकाला स्किझोफ्रेनिया झाला, तर निम्म्याहून अधिक जोड्यांत दुसऱ्याला तो होत नाही. इतकंच काय, साधारण पाचातल्या एका जोडीत एक उजव्या हाताने लिहितो आणि दुसरा डाव्या.