युरोपला माल पाठवणाऱ्या कारखानदारांसाठी : कार्बन बाजार आणि सीबॅम

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले एमआयडीसीतल्या आमच्या बऱ्याच ग्राहकांना युरोपातून भलामोठा एक्सेल तक्ता येतो आहे. एक टन मालामागे किती कार्बन, ते भरून पाठवा म्हणतात. यामागे आहे सीबॅम, म्हणजे युरोपात आयात होणाऱ्या मालावर त्याच्या उत्सर्जनानुसार लागणारा कार्बन आकार. तक्ता भरण्याआधी हे प्रकरण मुळात काय आहे, ते थोडक्यात.

युरोपीय संघाने २००५ साली वीजकेंद्रं, पोलाद, सिमेंट अशा उद्योगांच्या उत्सर्जनावर मर्यादा घातली. एक परवाना म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड. ज्याचे परवाने उरतात तो विकतो, ज्याला कमी पडतात तो बाजारातून घेतो. सुरुवातीला परवाने इतके सढळ हाताने वाटले गेले की २००७ मध्ये भाव जवळजवळ शून्यावर आला. पुढेही कित्येक वर्षं तो १० युरोच्या आतच रेंगाळला, आणि तेवढ्यासाठी कोणी भट्टी बदलत नाही. परवाने आवळल्यावर मात्र फेब्रुवारी २०२३ मध्ये भाव १०० युरोंवर गेला.

हवेला याचा फायदा झाला का? झाला. या उद्योगांचं उत्सर्जन २००५ च्या तुलनेत जवळपास निम्मं झालं आहे. पण ही घट मुख्यतः वीजनिर्मितीतली, कोळसा मागे पडल्यामुळे आलेली. पोलाद-सिमेंटवाले देशाबाहेर जातील या धास्तीने त्यांना परवाने बरेचसे फुकट मिळत राहिले, त्यामुळे तिथे सुधारणा संथ आहे. आता हा फुकट कोटा टप्प्याटप्प्याने कमी करून २०३४ मध्ये संपवायचा आहे. बाहेरचा स्वस्त माल तेव्हा बाजार खाऊन टाकू नये, म्हणून आयात मालावर सीबॅम.

पैसे कोण भरणार?

१ जानेवारी २०२६ पासूनच्या मालावर हा आकार लागतो. तो भरायची सीबॅम प्रमाणपत्रं २०२७ पासून घ्यायची आहेत, आणि कागदोपत्री ती आयातदाराने घ्यायची. पण दर ठरवताना तो ती रक्कम तुमच्याकडूनच वसूल करायला बघणार, याबद्दल आम्हाला तरी शंका नाही. पहिली काही वर्षं ओझं हलकं असेल, कारण युरोपातल्या कारखान्यांचा फुकट कोटा जेवढा कमी होतो तेवढाच आकार आयात मालावर चढतो, आणि २०२६ मध्ये तो फक्त २.५ टक्क्यांनी कमी होतो. २०३० मध्ये हीच कपात ४८.५ टक्के असेल. मात्र ठरवून दिलेल्या मापदंडाहून जास्त उत्सर्जन असेल, तर त्या जादा भागाचे पैसे पहिल्या वर्षापासून पूर्ण लागतात.

आधी आपला एचएसएन कोड, म्हणजे मालाचा वर्गीकरण क्रमांक, बघा. पाइप, फिटिंग, नट-बोल्ट आणि ७३२६ (लोखंड-पोलादाच्या इतर वस्तू) खालचा माल सीबॅमच्या यादीत आहे. यंत्राचे किंवा गाडीचे भाग म्हणून ८४ किंवा ८७ प्रकरणात जाणारी कास्टिंग मूळ यादीत नाहीत. मात्र यादी वाढवण्याचा प्रस्ताव युरोपीय आयोगाने डिसेंबर २०२५ मध्ये मांडला आहे. वर्षाला ५० टनांची सूट आहे, पण ती आयातदाराच्या सगळ्या पुरवठादारांची मिळून. तुमचे १० टन म्हणून निर्धास्त राहू नका.

कार्बन नेमका कुठे आहे?

बहुतेकांना वाटतं, इंडक्शन भट्टीच्या वीजबिलात. लोखंड-पोलादाच्या मालासाठी सीबॅम सध्या वीज मोजतच नाही. भट्टीत नि ओव्हनमध्ये जळणारं इंधन मोजलं जातं, आणि त्याहून महत्त्वाचा म्हणजे विकत घेतलेला कच्चा माल. ब्लास्ट फर्नेसमधून आलेल्या एका टन पोलादामागे दोन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड असतो. भंगाराचा मात्र शून्य धरतात. म्हणून बिलेट, रॉड किंवा पिग आयर्न घेताना टेस्ट सर्टिफिकेटबरोबर पोलाद गिरणीकडून उत्सर्जनाचा आकडाही मागा. तो नसला की युरोपने ठरवलेला सरसकट आकडा लागतो, आणि त्यात वाढीव टक्के मिळवलेले असतात.

भारतानेही २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना आणली. तिच्यात एकूण उत्सर्जनावर मर्यादा नाही. दर टन उत्पादनामागे किती, याचं लक्ष्य आहे. उत्पादन वाढलं तर एकूण धूरही वाढू शकतो, ही तिची उणीव आम्हाला वाटते. लहान फाउंड्रीला तिच्याखाली लक्ष्य नाही. पण आपल्या देशात कार्बनची किंमत भरली असेल तर ती सीबॅममधून वजा करण्याची तरतूद आहे, म्हणून गिरणीकडे तीही चौकशी करून ठेवा.

झाडं लावल्याचे क्रेडिट घ्या, सीबॅम माफ होईल, असं सांगत कोणी आलं तर चहा पाजून वाटेला लावा. असे क्रेडिट तिथे चालत नाहीत.

आमच्याकडे येताना वर्षभराची कच्च्या मालाची, डिझेल, एलपीजी, फर्नेस ऑइल आणि कोकची बिलं, उत्पादनाचं रजिस्टर आणि युरोपची शिपिंग बिलं आणावीत. पहिल्या बैठकीचे पैसे आम्ही घेत नाही.