किल्ली कुणाकडे आहे?

डिसेंबर 2013 मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने मायक्रोसॉफ्टला एका ग्राहकाच्या ई-मेल सादर करायला सांगितल्या. त्या होत्या डब्लिनमधल्या सर्व्हरवर. आयर्लंडमधली माहिती तिथल्या कायद्यानेच मागा, असं म्हणत कंपनी भांडली आणि 2016 साली अपिलात जिंकलीही. पण प्रकरण सर्वोच्च न्यायालयात असतानाच, मार्च 2018 मध्ये, अमेरिकेत क्लाउड कायदा झाला. या कायद्यानुसार कंपनी अमेरिकी अधिकारक्षेत्रात येत असेल, तर तिच्या ताब्यातली माहिती जगात कुठेही ठेवलेली असो, रीतसर आदेश आला की ती द्यावी लागते. खटल्यात मग काही उरलंच नाही.

त्यामुळे ‘आमचे सर्व्हर युरोपात आहेत’ एवढ्या आश्वासनावर विसंबता येत नाही. जून 2025 मध्ये फ्रेंच सिनेटच्या चौकशी समितीने हाच प्रश्न मायक्रोसॉफ्ट फ्रान्सच्या कायदा विभागप्रमुखांना विचारला. फ्रेंच नागरिकांची माहिती फ्रेंच सरकारच्या संमतीशिवाय अमेरिकेला दिली जाणार नाही, अशी हमी देता येत नाही, असं त्यांनी शपथेवर सांगितलं. आजवर तसं घडलेलं नाही, हेही सांगितलं.

असं काही वाचलं की अनेक जण स्विस किंवा जर्मन सेवा शोधू लागतात. ती धडपड मला योग्यच वाटते. पण देश बदलला की काम झालं, असं मानू नये. क्रिप्टो एजी ही स्विस कंपनी शंभराहून अधिक देशांना सांकेतिक संदेशयंत्रं विकत होती. 1970 पासून तिची मालकी गुपचूप सीआयए आणि पश्चिम जर्मनीच्या गुप्तहेर खात्याकडे होती, आणि यंत्रांत मुद्दाम कच्चे दुवे ठेवलेले होते. हा सगळा प्रकार 2020 साली जगासमोर आला. स्वित्झर्लंडच्या तटस्थपणावर विश्वास ठेवून ती यंत्रं घेणाऱ्या सरकारांचे संदेश अनेक दशकं चोरून वाचले जात होते.

म्हणून सेवा निवडताना मी आधी एकच गोष्ट बघतो: आपलं काम करण्यासाठी सर्व्हरला आपल्याबद्दल किती कळावं लागतं?

निरोपांच्या बाबतीत उत्तर आहे, जवळजवळ काहीच नाही. 1976 साली डिफी आणि हेलमन या संशोधकांनी दाखवून दिलं, की दोन अनोळखी माणसं उघड्या तारेवरून बोलूनही एक गुप्त किल्ली, म्हणजे संदेश कुलूपबंद करणारा आणि उघडणारा आकडा, ठरवू शकतात. तार ऐकणाऱ्याला ती व्यवहारात काढता येत नाही. आजची संदेश अ‍ॅप्स याच पायावर उभी आहेत. किल्ली दोघांच्या फोनमध्ये तयार होते, सर्व्हरवरून जातो तो फक्त कुलूपबंद मजकूर. सिग्नल ही संदेशसेवा अमेरिकी आहे. 2016 साली तिथल्या ग्रँड ज्युरीने (गुन्ह्याच्या तपासासाठी बसवलेल्या नागरिकांच्या मंडळाने) तिच्याकडे माहिती मागितली, तेव्हा खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं, एवढंच तिला देता आलं. बाकी काही तिच्याकडे नव्हतंच.

साठवणुकीचंही तसंच. क्रिप्टोमेटर हे जर्मन सॉफ्टवेअर फायली आपल्याच संगणकावर कुलूपबंद करतं आणि मग क्लाउडवर पाठवतं. क्लाउड अमेरिकी असला तरी त्याला फायलींची संख्या आणि आकार दिसतो, आतला मजकूर नाही.

नकाशांकडे मात्र लोक फार कमी लक्ष देतात, याची मला खंत वाटते. 2013 साली 15 लाख मोबाइलधारकांच्या नोंदींवर झालेल्या अभ्यासात असं दिसलं, की माणूस कुठे आणि कधी होता याच्या केवळ चार नोंदी मिळाल्या तरी 95 टक्के माणसं इतरांपासून वेगळी ओळखता येतात. नाव काढून टाकलं तरी वाट आपली ओळख सांगते. ऑर्गॅनिक मॅप्स हे अ‍ॅप ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून बनवलेला खुला नकाशा फोनमध्येच उतरवून घेतं आणि रस्ताही फोनमध्येच शोधतं. वाहतूककोंडीची ताजी खबर मिळत नाही, हा तोटा आहेच; कोंडी कळायला कुणीतरी सगळ्यांच्या गाड्यांवर नजर ठेवावी लागते.

शोधयंत्राचं गणित वेगळं आहे. प्रश्न वाचल्याशिवाय सर्व्हर उत्तर देणार कसा? इथे कंपनीचं धोरण आणि तिच्या देशाचा कायदा यांवरच भिस्त ठेवावी लागते. नेदरलँड्सचं स्टार्टपेज, फ्रान्सचं क्वान्ट किंवा ब्रिटनचं मोजीक यांचा विचार इथे जरूर करावा.

ई-मेल सगळ्यात अवघड. प्रोटॉन ही स्विस ई-मेल सेवा पेटीतली पत्रं कुलूपबंद ठेवते, पण विषयाची ओळ त्या कुलपात येत नाही. जर्मनीतल्या हॅनोवरचं टूटा तीही बंद करतं. तुम्ही जीमेलवाल्याला साधं पत्र पाठवलंत, तर त्याची वाचता येणारी प्रत गूगलकडे राहतेच. शिवाय 2021 साली स्विस आदेशामुळे प्रोटॉनला एका फ्रेंच कार्यकर्त्याचा आयपी पत्ता (तो इंटरनेटला कुठून जोडला गेला ते सांगणारा क्रमांक) नोंदवून द्यावा लागला. पत्रांतला मजकूर मात्र देता आला नाही.

पत्ता बदलायचा असेल तर जुना लगेच बंद करू नका. आधी बँक, मग सरकारी कामं, मग बाकीची खाती, असं सावकाश हलवा. आणि नवीन खातं उघडलंत की त्याच दिवशी त्याचे रिकव्हरी शब्द (पासवर्ड विसरल्यास खातं परत मिळवून देणारे) कागदावर उतरवून ठेवा. पासवर्ड आणि ते शब्द दोन्ही हरवले, तर जुनी पत्रं कंपनीलाही उघडून देता येणार नाहीत.