रखमाबाई खटला
मुंबई उच्च न्यायालयातील दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई हा दावा (१८८४–८८). इंग्रजी कागदपत्रांत नाव ‘रुखमाबाई’ असे आढळते. त्यांच्या नावापुढे लावले जाणारे ‘राऊत’ हे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांचे आडनाव.

रखमाबाईंचे (१८६४–१९५५) लग्न सुमारे अकराव्या वर्षी झाले, पण त्या सासरी नांदायला गेल्या नाहीत. १८८४ मध्ये पती दादाजींनी, पत्नीने नांदायला यावे असा, म्हणजे वैवाहिक हक्कांच्या पुनर्स्थापनेचा दावा लावला. असा दावा मुळात हिंदू धर्मशास्त्रातला नव्हे. इंग्लंडच्या धर्मपीठीय (चर्चच्या) न्यायालयांतील हा उपाय भारतातील इंग्रजी न्यायालयांनी उचलला. न्या. पिनी यांनी २१ सप्टेंबर १८८५ रोजी दावा फेटाळला. नांदणे मुळात सुरूच झालेले नसताना ते ‘पुन्हा’ सुरू करण्याचा हुकूम कसा द्यायचा, हा त्यांचा मुद्दा. तो शब्दच्छल वाटला तरी तसा नव्हता. अजाण वयातील लग्नाला संमतीचा प्रश्न त्यामुळे प्रथमच न्यायासनापुढे आला. अपिलात सर चार्ल्स सार्जंट व न्या. बेली यांनी हा निकाल फिरवला आणि मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी महिन्याभरात नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद, असा हुकूम दिला. कैदेची तरतूद १८८२ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतली. खुद्द इंग्लंडने ती १८८४ मध्येच काढून टाकली होती. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली.

‘हिंदू लेडी’ या टोपणनावाने टाइम्स ऑफ इंडियात १८८५ मध्ये आलेली पत्रे त्यांचीच. समाजसुधारक बेहरामजी मलबारी त्यांच्या बाजूने, तर टिळक विरोधात होते.

व्हिक्टोरिया राणीने हस्तक्षेप करून विवाह रद्द केला, ही कथा प्रचलित आहे. मात्र जुलै १८८८ मध्ये दादाजींनी २,००० रुपये घेऊन तडजोड केली, हेच अधिक ग्राह्य ठरते. संमतिवयाच्या १८९१ च्या कायद्यामागे या खटल्याची चर्चा होती, हे बहुतेक अभ्यासक मानतात. प्रभाव किती, याविषयी मतभेद आहेत. तो कायदा मुलीच्या शरीरसंबंधाला संमतीचे किमान वय १० वरून १२ वर नेणारा होता. नांदण्याच्या दाव्याला त्याने हात लावला नाही.

पुढे रखमाबाई लंडनला वैद्यक शिकल्या आणि त्यांनी सुरत व राजकोट येथे काम केले. त्यांना भारतातील पहिली व्यवसायी स्त्री डॉक्टर म्हणतात, पण कलकत्त्याच्या कादंबिनी गांगुली त्यांच्या आधीच्या.

कैदेची तरतूद १९२३ मध्ये गेली. नांदण्याचा दावा मात्र हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम ९ मध्ये कायम आहे.