शरीरातले मुख्य स्नायू आणि त्यांची कामं

स्नायू म्हणजे शरीरातला तो भाग जो आखडतो आणि त्यामुळे हालचाल होते. प्रकार तीन. हाडांना जोडलेले, जे आपल्या मर्जीने चालतात. आतडी, रक्तवाहिन्या, मूत्राशय यांच्या भिंतीतले, जे आपल्याला न विचारता काम करतात. आणि हृदयाचा, जो फक्त हृदयातच सापडतो. हाडांना जोडलेले स्नायू ६०० च्या वर आहेत, आणि शरीराच्या वजनातला साधारण ४० टक्के भाग त्यांचाच असतो.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसली की बाकी सगळं सोपं जातं, ती म्हणजे स्नायू फक्त ओढतो, ढकलत कधीच नाही. आपण दार ढकलतो तेव्हासुद्धा दंडाच्या मागचा ट्रायसेप्स कोपराचं हाड ओढत असतो म्हणून हात सरळ होतो. म्हणूनच स्नायू बहुतेक जोडीने असतात, एक वाकवतो आणि दुसरा सरळ करतो.

बायसेप्सचं कौतुक सगळेच करतात, पण कोपर वाकवायचं मुख्य काम त्याच्या खाली दडलेला ब्रॅकिॲलिस करतो. बायसेप्सची खरी खासियत वेगळीच आहे: कोपर काटकोनात ठेवा, दुसऱ्या हाताने दंड धरा आणि तळहात पालथा-उताणा करून बघा, उताणा करताना दंडातला गोळा टणक होतो. उजव्या हाताने स्क्रू आवळताना हाच जोर लागतो. आणि बोटं हलवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच, ते कोपराखालच्या हातात असतात आणि लांब दोऱ्यांसारख्या कंडरांनी बोटं खेचतात.

खांद्यावर डेल्टॉइड, तो हात बाजूला वर उचलतो. त्याच्या आत रोटेटर कफचे चार छोटे स्नायू असतात, ते दंडाच्या हाडाचा गोल माथा खांद्याच्या उथळ खोबणीत धरून ठेवतात. छातीवरचा पेक्टोरॅलिस हात पुढे आणतो, पाठीवरचा रुंद लॅट खाली-मागे खेचतो. पाठीच्या कण्यालगतचे लांब स्नायू आपल्याला ताठ उभं ठेवतात, पोटाचे स्नायू पुढून आणि बाजूंनी आधार देतात.

माझ्या मते सगळ्यात कमी कौतुक होतं ते श्वासपटलाचं. छाती आणि पोट यांच्या मधला हा घुमटाच्या आकाराचा स्नायू आखडला की खाली सपाट होतो, छातीत जागा वाढते आणि हवा आपोआप आत येते. शांत बसलेलं असताना श्वास सोडायला मात्र वेगळा जोर लागत नाही, श्वासपटल सैल पडतं आणि फुप्फुसं स्वतःच आक्रसतात. झोपेत ते आपलं आपण चालतं, तरी जागेपणी ठरवलं तर थोडा वेळ रोखता पण येतं.

कमरेखाली सगळंच दमदार. कुल्ल्याचा ग्लूटिअस मॅक्सिमस हा शरीरातला सगळ्यात मोठा स्नायू, जिना चढताना, खुर्चीतून उठताना, पळताना तो कामाला लागतो. त्याच्या बाजूचा मीडिअस छोटा असला तरी फार महत्त्वाचा, चालताना एक पाय उचलला की ज्या पायावर आपण उभे असतो त्या बाजूचा मीडिअस कंबर तिरकी होऊ देत नाही आणि तो कमजोर झाला की माणूस झोकांड्या दिल्यासारखा चालतो. मांडीच्या पुढचे चार क्वाड्रिसेप्स गुडघा सरळ करतात, मागचे हॅमस्ट्रिंग तो वाकवतात. सगळ्यात लांब स्नायू सार्टोरिअस पण इथलाच, खुब्यापासून तिरका गुडघ्याच्या आतल्या बाजूला उतरतो.

जबड्याचा मॅसेटर चावायचं काम करतो. सगळ्यात छोटा स्टेपेडिअस कानाच्या आत असतो, जेमतेम ६ मिलिमीटरचा, मोठा आवाज आला की कानातलं सगळ्यात लहान हाड आवळून धरतो.

पोटरीत दोन थर आहेत, वर गॅस्ट्रोक्नेमिअस आणि खाली सोलिअस, दोघं मिळून टाचेवरच्या जाड कंडरेने टाच उचलतात. उडी मारायला वरचा, तासन्‌तास उभं राहायला खालचा. शिवाय पोटरी आखडली की आतल्या शिरा दाबल्या जातात आणि पायातलं रक्त वर हृदयाकडे ढकललं जातं, शिरांमधल्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. म्हणून खूप वेळ पाय लोंबते ठेवून बसलं की घोट्यांना सूज येते आणि चार पावलं चाललं की उतरायला लागते.